सातारा भागातील नावे आणि पिढ्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कराड आणि पाटण तालुक्यांतील गावांमधली जुनी नावे मी गेली काही वर्षे उतरवून घेत आहे. शाळेची रजिस्टरे, मतदार याद्या, लग्नपत्रिका, भांड्यांवर घातलेली नावे, जे हाती लागेल ते मी पाहतो. हे कळल्यावर लोक जे विचारतात ते प्रश्न बहुधा ठरावीक असतात, म्हणून त्यांची उत्तरे इथे एकत्र लिहिली आहेत. या सगळ्या उत्तरांमागे माझे एकच म्हणणे आहे आणि ते आधीच सांगितलेले बरे. आपल्याकडे माणसाला एकच नाव नसते. पाळण्यातले नाव, हाकेचे नाव, शाळेत घातलेले नाव आणि बाईच्या बाबतीत सासरी मिळालेले नाव, अशी तीन-चार नावे एकाच माणसाची असतात. त्यामुळे अमुक नाव अमुक पिढीत किती चालले हे सांगण्याआधी आपण यांतले कोणते नाव मोजतो आहोत हे ठरवावे लागते.

नुसत्या नावावरून माणूस कोणत्या पिढीचा हे ओळखता येते का?

पुष्कळदा येते, आणि ते पडताळून पाहण्याची सर्वांत सोपी जागा म्हणजे घरात पडून असलेली एखादी लग्नपत्रिका. माझ्यासमोर आत्ता जी पत्रिका आहे तिच्यात वरच्या भागात 'कै.' लावून ज्ञानू, गणपत आणि राऊ ही पणजोबा-आजोबांची नावे दिली आहेत. निमंत्रकांत वसंत, मारुती, शिवाजी आणि सुभाष आहेत, आणि त्यांच्या शेजारी सौ. शालन, सौ. मालन, सौ. विमल आणि श्रीमती हौसाबाई आहेत. त्याखालच्या ओळीत संजय, राजेंद्र, संतोष, सुनीता, संगीता, वैशाली येतात. नवरदेव अक्षय आहे, नवरी प्रतीक्षा आहे. अगदी तळाशी, 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणाऱ्या किलबिलीत शिवांश, आरोही, स्वरा आणि अन्वी आहेत. इतक्या पिढ्या एका कागदावर पायरीपायरीने उतरलेल्या दिसतात आणि कोणत्याही पायरीवरचे नाव दुसऱ्या पायरीवर सहसा सापडत नाही.

या पत्रिका चाळताना आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मुलींची नावे मुलांच्या आधी बदलतात. ज्या ओळीत पुरुषांमध्ये अजून मारुती आणि पांडुरंग आहेत त्याच ओळीत बायकांमध्ये शालन आणि सुमन आलेल्या असतात. याचे कारण मला घरातल्या रीतीत दिसते. वंशाचे नाव चालवायचे ओझे मुलावर असे, त्याला आजोबांचे किंवा देवाचे नाव द्यावे लागे. मुलीचे नाव ठेवताना आत्याला आणि आईला थोडी मोकळीक मिळे, आणि ती त्यांनी वापरली.

आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची पद्धत नेमकी कशी होती, आणि ती का मागे पडली?

आजोबा हयात असताना त्यांचे नाव नातवाला ठेवत नसत. ते गेल्यावर घरात जो पहिला मुलगा जन्मेल त्याला ते नाव जाई आणि 'आजोबाच परत आले' असे सगळे मानत. त्यामुळे एकाच घरात ज्ञानू, मग तुकाराम, मग पुन्हा ज्ञानू, असे एकाआड एक पिढीने नाव फिरताना दिसते. मोडी लिपीतल्या जुन्या कागदांत 'ज्ञानू बिन तुकाराम' आणि 'तुकाराम बिन ज्ञानू' हे दोन वेगळे पुरुष आहेत. 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा. हे ध्यानात घेतले नाही तर वंशावळ मांडताना दोन पिढ्यांची एक पिढी होऊन बसते.

या पद्धतीत एक अडचण होती. सून सासऱ्याचे नाव घेत नसे. नवऱ्याचे नावसुद्धा ती उखाण्यातच घेई. आता पोटच्या पोराला सासऱ्याचेच नाव ठेवल्यावर त्याला दिवसातून दहा वेळा हाक मारायची कशी? म्हणून त्या मुलाला बापू, आबा, अण्णा, तात्या, नाना अशी हाक पडे. चार वर्षांच्या पोराला 'आबा' म्हणण्यात लाडाचा भाग होताच, पण त्याच्या मुळाशी आजोबांच्या नावाचा मान राखणे होते. हाकेचे नाव घट्ट झाले की पाळण्यातले नाव बारशाच्या दिवशी आत्याने कानात 'कुर्र' करून सांगितले तेवढेच उरे.

पद्धत मागे पडण्याचे कारण लोक शहरी वारा असे सांगतात. मला ते अपुरे वाटते. सून सासऱ्याचे नाव उच्चारू लागली, घरे वेगळी झाली, मूल दवाखान्यात जन्मू लागले आणि नाव सुचवणाऱ्यांत आई-बाप पुढे आले, हे सगळे एकत्र घडले. हल्ली आजोबांचे नाव पूर्ण न ठेवता त्याचा तुकडा ठेवतात. यशवंतरावांचा पणतू यश किंवा यशराज, शिवाजीरावांचा शिवराज, आनंदरावांचा आनंदवर्धन. ही जुन्या पद्धतीचीच बदललेली चाल आहे असे मी मानतो आणि मोजताना या नावांची वेगळी खूण करून ठेवतो.

बाळासो, आबासो, दादासो ही नावे आहेत की संबोधने?

आज ती पूर्णपणे नावे आहेत. जन्मदाखल्यावर, सातबाऱ्यावर, सोसायटीच्या पासबुकावर ती पहिले नाव म्हणूनच लिहिलेली असतात. 'साहेब'चे 'सो' हे लेखी संक्षेप सातारा, सांगली आणि कोल्हापूर या पट्ट्यात इतके रुळले आहे की बाळासाहेब, बाळासो आणि नुसता बाळू या एकाच माणसाच्या तीन नोंदी सापडतात. अण्णासो, रावसो, भाऊसो, बापूसो ही त्यांचीच भावंडे.

वर सांगितलेली हाक आणि ही कागदावरची नावे यांचा संबंध आहे, असे मला वाटते. शाळेत नाव घालायला आजी किंवा चुलता मुलाला घेऊन जाई. गुरुजी विचारत, पोराचे नाव काय? नेणारा माणूस घरातली हाक सांगे, 'आबा'. गुरुजी तिला जरा साजशृंगार करून 'आबासो' लिहीत. अशा रीतीने पाळण्यातला ज्ञानू कागदावर कधी आलाच नाही. तेव्हा आमच्या गावात ज्ञानू हे नाव अमुक साली संपले, असे रजिस्टर पाहून कोणी म्हणत असेल तर थोडे थांबावे. ते संपले नव्हते, हाकेखाली झाकले गेले होते.

हाकेच्या नावाने मोठी झालेली माणसे या भागाला नवी नाहीत. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे यांचे मूळ नाव तुकाराम. साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आताच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, ७ नोव्हेंबर १९०० रोजी ज्या मुलाचे नाव दाखल झाले ते 'भिवा' असे आहे. डॉ. भीमराव आंबेडकर यांची ती नोंद. या दिवसाची आठवण म्हणून राज्यात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस पाळला जातो. उद्या कोणी १९०० सालच्या साताऱ्यात भीमराव नावाची मुले शोधू लागला तर त्याला हा मुलगा सापडणार नाही.

दगडू, धोंडू, केरू, भिकू अशी नावे लोक स्वतःच्या मुलांना का ठेवत?

मूल जगावे म्हणून. आधीची दोन-तीन लेकरे दगावली असली की पुढच्याला दृष्ट लागू नये, सटवाईचे लक्ष त्याच्याकडे जाऊ नये, म्हणून मुद्दाम ओबडधोबड नाव देत. दगडासारखे टिकावे म्हणून दगडू आणि धोंडीबा, कोणाला नकोसे वाटावे म्हणून केरू, पदर पसरून मागून घेतले म्हणून भिकू आणि भिकाजी. मुलींत दगडाबाई आणि धोंडाबाई आहेत. या नावांना हसणाऱ्या मंडळींना मी एवढेच सांगतो की ते नाव ठेवणाऱ्या आईने त्याआधी किती लेकरे पुरली होती हे त्या एका शब्दात लिहिलेले आहे. भारतात १९७१ साली जन्मणाऱ्या दर हजार बाळांपैकी १२९ बाळे वर्ष पुरे होण्याआधी जात. २०२० साली तोच आकडा २८ वर आला. दगडू आणि धोंडू ही नावे ज्या दशकांत विरळ होत गेली ती हीच दशके आहेत.

नकुशी किंवा नकुसा या नावाचे काय झाले?

सातारा जिल्ह्यातील नावांविषयी बाहेरचे लोक हाच प्रश्न सर्वांत आधी विचारतात, आणि त्याचे उत्तर नीट द्यायला हवे. घरात एकामागून एक मुली झाल्या की शेवटच्या मुलीला नकुशी, नकोशी किंवा नकुसा म्हणत, म्हणजे आता मुलगी नको, पुढचा मुलगाच होऊ दे. ऑक्टोबर २०११ मध्ये साताऱ्यात जिल्हा परिषदेच्या पुढाकाराने समारंभ झाला आणि या नावाच्या २८५ मुलींना नवी नावे देण्यात आली. काहींनी ऐश्वर्या, वैशाली अशी नावे घेतली. त्याच वर्षीच्या जनगणनेत सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या नऊशेच्याही खाली होती. नाव आणि हा आकडा एकाच विचारातून आलेले आहेत, म्हणून त्यांना वेगळे करून बोलता येत नाही.

याला जोडून एक खुलासा. पुष्कळजण नकुशी आणि दगडू यांना एकाच माळेत बसवतात, कारण दोन्ही नावे ऐकायला कठोर आहेत. त्यांचा अर्थ उलट आहे. दगडू हे नाव मूल राहावे म्हणून ठेवलेले, आणि नकुशी हे नाव ते आले म्हणून ठेवलेले. नोंदी घेताना या दोन्हींना 'विचित्र नावे' अशा एका रकान्यात टाकणे मला मान्य नाही.

२०११ च्या समारंभात प्रामुख्याने शाळेच्या वयाच्या मुली होत्या. त्यांच्या आधीच्या पिढ्यांतल्या नकुसाबाई आजही मतदार यादीत आहेत. त्यांना घरात कोणी त्या नावाने हाक मारत नाही. त्या आक्का, माई, काकी किंवा अमक्याची आई असतात. नाव फक्त मतदानाच्या दिवशी आणि रेशनच्या दुकानात मोठ्याने वाचले जाते. यादी वाचताना मला सर्वांत जड तेच जाते.

बायकांची नावे मोजणे कठीण का असते?

कारण एकाच बाईचे नाव अर्ध्या वाटेत बदललेले असते. लग्नात लक्ष्मीपूजनाच्या वेळी ताटातल्या तांदळात नवरा अंगठीने बायकोचे नवे नाव लिही आणि त्या दिवसापासून माहेरचे नाव कागदावरून पुसले जाई. म्हणून सासरच्या गावातल्या यादीत जे नाव दिसते ते तिच्या आई-बापांच्या पिढीची आवड दाखवत नाही. ते तिच्या नवऱ्याची किंवा नणंदेची आवड दाखवते, आणि तीही पंधरा-वीस वर्षांनंतरची. १९४० साली जन्मलेली हौसा १९५८ साली लग्न होऊन शालिनी होते. यादीत तिच्या वयासमोर शालिनी लिहिलेले पाहून १९४० मध्ये शालिनी हे नाव खेड्यात रुळले होते, असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल.

माझ्या आजीचे माहेरचे नाव तानूबाई, सासरचे लक्ष्मीबाई, आणि आम्ही सारे तिला आक्का म्हणत होतो. तानूबाई हे नाव आमच्या घरातल्या एकाही कागदावर नाही. ते मला माळ्यावरच्या पितळी घागरीवर सापडले. घागर चिंचेने घासल्यावर गळ्याखाली ठिपक्या-ठिपक्यांनी ठोकलेली अक्षरे वर आली: तिचे नाव, तिच्या वडिलांचे नाव आणि माहेरच्या गावाचे पहिले अक्षर. लग्नात दिलेल्या भांड्यावर तिच्या वडिलांनी तिचे नाव घालून दिले होते, आणि सासरी ते नाव बदलले तरी घागरीवर तसेच राहिले. त्यानंतर मी जिथे जातो तिथे जुनी तांब्यापितळेची भांडी दाखवा असे म्हणतो. हाताने ठोकलेली ठिपक्यांची अक्षरे बहुधा जुनी असतात आणि मशीनने घातलेली सलग अक्षरे अलीकडची. त्यामुळे साल नसले तरी काळाचा अंदाज येतो. म्हाताऱ्या बायकांच्या हातावरचे गोंदणही वाचावे. त्यात कधी भावाचे, कधी स्वतःचे माहेरचे नाव असते.

या नाव बदलण्याचा त्रास पुढे जमिनीच्या वारसनोंदीत होतो. आजीच्या वडिलांच्या शेतात तिचा हिस्सा निघाला तेव्हा तिकडच्या कागदात तानूबाई होती आणि आमच्याकडच्या ओळखपत्रावर लक्ष्मीबाई. 'तानूबाई ऊर्फ लक्ष्मीबाई ही एकच व्यक्ती आहे' असे प्रतिज्ञापत्र करून देण्यात वर्ष गेले. ज्यांच्या घरात आजी-पणजी हयात आहेत त्यांनी तिचे माहेरचे पूर्ण नाव, वडिलांचे नाव आणि गाव आजच एका कागदावर लिहून ठेवावे. आता लग्नात नाव बदलणे बरेच कमी झाले आहे, आणि पुढच्या पिढीचे मोजमाप त्यामुळे सोपे होईल.

कुलदैवताचा आणि नद्यांचा नावांशी किती संबंध आहे?

जुन्या पिढ्यांत फार. पालीचा खंडोबा ज्यांचे कुलदैवत त्यांच्यात खंडू, खंडेराव, मल्हारी, मार्तंड ही नावे फिरतात; म्हसवड आणि खरसुंडीच्या सिद्धनाथाकडून सिद्धनाथ आणि नाथा; शिखर शिंगणापूरकडून महादेव आणि शंभू; बनपुरीच्या नाईकबावरून नायकू; आरेवाडीच्या बिरोबावरून बिरू; जोतिबावरून जोती आणि जोतिराम. गावाची ग्रामदेवता भैरवनाथ असली की प्रत्येक भावकीत एक तरी भैरू असतोच. एकाच घरात पिढ्यान्‌पिढ्या खंडू आणि मल्हारी येत असतील तर कुळाचा देव कोणता हे विचारावे लागत नाही.

नद्यांची गोष्ट त्याहून आमच्या भागाची आहे. महाबळेश्वराच्या देवळात कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री आणि सावित्री या पाच नद्यांचा उगम मानतात. वाईला कृष्णेच्या घाटांवर कृष्णाबाईचा उत्सव होतो. नदी हीच देवी असल्यामुळे इथे कृष्णा हे बाईचे नाव म्हणूनही सहज चालते. जुन्या यादीत नुसते 'कृष्णा' वाचले तर तो पुरुष की बाई, हे पुढचे 'बिन' किंवा 'भ्रतार' (म्हणजे नवरा) पाहूनच ठरवावे. खंडाळा तालुक्यातील नायगावात ३ जानेवारी १८३१ रोजी जन्मलेल्या सावित्रीबाई फुले यांच्यामुळे सावित्री हे नाव आज सर्वांना पूज्य आहे, तरीही पाळण्यात ते आता क्वचित घातले जाते. याचे मला मनापासून वाईट वाटते.

मोठ्या माणसांमुळे एखादे नाव वाढते, हे खरे आहे का?

खरे आहे, पण लोक कारण आणि काळ यांची गल्लत करतात. सचिन हे त्याचे चांगले उदाहरण. सचिन तेंडुलकर पहिली कसोटी खेळला तो नोव्हेंबर १९८९ मध्ये. आमच्या गावांतले पुष्कळ सचिन त्याआधी शाळेत जाऊ लागले होते. तेंडुलकर स्वतः १९७३ साली जन्मला आणि त्याचे नाव संगीतकार सचिन देव बर्मन यांच्यावरून ठेवले गेले. म्हणजे नाव आधीच चालते होते. क्रिकेटपटू त्या लाटेतलाच एक होता.

लता, आशा, उषा, मीना ही नावे आमच्या आयांच्या आणि मावशांच्या पिढीत घराघरांत आहेत. मंगेशकर कुटुंब काही काळ सांगलीत राहिले आणि आशाताईंचा जन्म ८ सप्टेंबर १९३३ रोजी सांगलीचा, म्हणून आमच्याकडे या नावांना घरचेपणा वाटतो. लतादीदींचे जन्माचे नाव हेमा होते. वडिलांच्या नाटकातील लतिका या पात्रावरून ते पुढे लता झाले. इथेही पाळण्यातले नाव एक आणि जगाने घेतलेले दुसरे.

यशवंतराव चव्हाण १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे येथे जन्मले. बाळंतपणात आई अत्यवस्थ असताना आजीने सागरोबाला 'यश दे' असे साकडे घातले आणि त्याची आठवण म्हणून यशवंत हे नाव ठेवले, असे त्यांनीच सांगितले आहे. नवसाचे नाव म्हणतात ते हेच. देवराष्ट्रे तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आज सांगलीत आहे. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. त्याआधीच्या नोंदी शोधताना हे विसरू नये.

शिवाजी, संभाजी, तानाजी, बाजीराव, प्रतापसिंह ही नावे राजधानीच्या या मुलुखात सतत राहिली आहेत. आजोबांच्या पिढीत ती पूर्ण नावे होती. आजच्या पिढीत शिवराज, शंभूराज, स्वराज, शिवांश आणि मुलींत शिवन्या असे त्यांचे नवे अवतार आहेत. अजिंक्यतारा किल्ल्यावरून आलेले अजिंक्य हे नाव मात्र मधल्या पिढीचे.

मुस्लिम, जैन, लिंगायत आणि बौद्ध कुटुंबांतील नावेही अशीच बदलली का?

होय, प्रत्येकाच्या आपल्या चालीने. मिरज आणि सांगलीच्या पूर्वेकडे जैन घरांत नेमगोंडा, आदगोंडा, पायगोंडा अशी 'गोंडा' लागलेली आणि लिंगायत घरांत बसाप्पा, शिवाप्पा, महालिंग अशी नावे आजोबांच्या पिढीपर्यंत भरपूर दिसतात. कानडी मुलूख जवळ असल्याची ही खूण आहे. नातवंडांत मात्र तीच अथर्व-आरोहीची यादी येते. मुस्लिम घरांत दस्तगीर, मौला, गुलाब ही नावे मागच्या पिढ्यांची, आणि हाकेची नावे पाहिली तर तिथेही दादासाहेब, बाळू आणि बापू भेटतात. बौद्ध कुटुंबांत १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर जो बदल झाला तो सर्वांत ठळक आहे. त्याआधीच्या पिढीतले धोंडू आणि भिकू मागे पडून सिद्धार्थ, गौतम, राहुल, मिलिंद, सुजाता, संघमित्रा ही नावे आली. इतर समाजांत नावे हळूहळू सरकली. इथे लोकांनी ती ठरवून बदलली.

आमच्या घराण्यातील जुनी नावे कुठे सापडतील?

शाळेच्या जनरल रजिस्टरपासून सुरुवात करावी. त्यानंतर गाव नमुना नंबर १४, म्हणजे जन्म-मृत्यूच्या नोंदींचे कोतवाल बुक, मग सातबारा आणि त्यामागचे फेरफार. २०२३ पासून कुणबी नोंदींसाठी हेच दप्तर बाहेर काढले गेले, त्यामुळे ते पाहायला मागणारा माणूस आता कोणाला नवखा वाटत नाही. जुने कागद मोडीत असतात, आणि मोडी वाचणाऱ्याला सोबत नेले तरी 'राऊ', 'बाऊ' आणि 'बापू' यांत चूक होऊ शकते हे गृहीत धरावे. ज्यांच्या घरी हेळवी येतात त्यांनी त्यांची वही ऐकावी. बैल घेऊन दारात येणाऱ्या आणि कुळाची वंशावळ म्हणून दाखवणाऱ्या या माणसाकडे पुरुषांच्या अशा काही पिढ्या असतात की ज्या कोणत्याही कचेरीत नाहीत. त्र्यंबकेश्वर किंवा नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडेही घराण्याच्या नामावळ्या असतात. बायकांच्या नावांसाठी यांपैकी एकही जागा पुरत नाही. त्यासाठी भांडी, गोंदण आणि म्हाताऱ्यांची आठवण हेच साधन आहे.

बारशाआधी दाखला काढला आणि नाव लावायचे राहिले. आता काय करावे?

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ च्या कलम १४ प्रमाणे नावाशिवाय झालेल्या जन्मनोंदीत बारा महिन्यांच्या आत विनाशुल्क आणि त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून नाव लावता येते. जिथे जन्म नोंदला आहे त्याच ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत अर्ज करावा. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदांवर मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम आहे, तेव्हा आईचे नाव तिच्या कागदांवर जसे आहे अगदी तसेच द्यावे.

नक्षत्राच्या अक्षरावरून आलेले नावरस नाव आणि हाकेचे नाव दाखल्यावर येत नाही. ती दोन्ही नावे, नाव कोणी सुचवले आणि बारशाला कानात कोणी सांगितले हे दाखल्याच्या झेरॉक्सच्या पाठीमागे पेनाने लिहून तो कागद घरात ठेवावा, अशी माझी प्रत्येक घराला विनंती असते.